रिकामी नळी

रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात, जिन्याच्या मागे, आतून फोम लावलेली एक खोली आहे. खोली कसली, मोठं कपाटच म्हणा. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायरीला लोंबणारं एक बटण. काचेच्या बाहेर एक यंत्र, आणि यंत्रासमोर बीप्या. वय त्रेपन्न, केस निम्मे उरलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वापरतंय कोण? नोकरीला लागला त्याच आठवड्यात एका वॉर्डबॉयनं त्याला बीप्या म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पेशंट मात्र त्याला साहेब म्हणायचे.

काम साधं. माणसाला आत बसवायचं, दार लावायचं आणि सांगायचं, "बारीक आवाज येईल. आला की बटण दाबा. नाही आला तर दाबू नका. घाई नाही." मग बारीक, त्याहून बारीक असे आवाज सोडत जायचं आणि कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या मांडायच्या. हे त्यानं बावीस वर्षं केलं.

आता यात खोटं बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण लोक बोलतात हो. नोकरी जाईल म्हणून बोलतात, सून टोमणे मारेल म्हणून बोलतात, आणि पुष्कळ जण तर नुसते भिडेपोटी बोलतात. काचेपलीकडे हा साहेब बिचारा आपल्यासाठी खटपट करतोय, इतका वेळ झाला, आपण एकदाही बटण दाबलं नाही, बरं दिसत नाही, म्हणून दाबतात. बीप्याला ते लगेच कळायचं. मग तो आवाज सोडणं थांबवायचा. यंत्रावर हात तसाच फिरवत राहायचा, पण कानात जायचं काहीच नाही. आतला माणूस मान डोलावून बटण दाबायचा. मग बीप्या दार उघडून आत जायचा, त्याच्याजवळ वाकायचा आणि म्हणायचा, "काका, आपण जरा पहिल्यापासून करू." आवाज चढवायचा नाही, चारचौघांत बोभाटा करायचा नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी विभागातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई त्याला मानायच्या.

अशा या माणसाला झालं काय, तर काहीच झालं नाही. तीच पंचाईत होती. कुणी गेलं नव्हतं, कुणाशी वाकडं आलं नव्हतं, नोकरी शाबूत, रक्तातली साखर बेताची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता तो थांबला, आणि पुढं कशाला घासायचे हे काही केल्या त्याला सुचेना. तोंडात फेस घेऊन तो आरशासमोर वीस मिनिटं उभा होता. बायकोनं हाक मारली तेव्हा भानावर आला.

बायकोनं कारण शोधण्यासाठी आकाशपाताळ एक केलं. ऑफिसात कुणी बोललं का, माझं काही चुकलं का, कुणाचं काही मनाला लागलं का. कारण सापडलं असतं तर तिनं ते मानगूट धरून घराबाहेर काढलं असतं, तशी ती बाई आहे. पण सापडेना. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नैराश्य असं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. चार-पाच महिन्यांत बीप्या माणसात आला. माणसात आला म्हणून 'आता बरा आहे की मी' असा हट्ट धरून गोळी निम्मी करून घेतली, आणि तीन आठवड्यांत जो आडवा झाला तो अकरा दिवस उठला नाही. त्या अकरा दिवसांविषयी घरात कुणी बोलत नाही. बायकोनं पाण्याचा पेला तोंडाला लावला, ब्रश हातात धरवला, एकदा तर न्हाणीघरात स्टुलावर बसवून लहान मुलासारखी अंघोळ घातली. तो भिंतीकडे बघत होता.

गोळी पुन्हा पूर्ववत झाली आणि तो पुन्हा उभा राहिला. पण उभा राहिला म्हणजे नुसता उभा राहिला. कामावर जायचा, गोल-फुल्या मांडायचा, घरी यायचा, पुढ्यात येईल ते जेवायचा. मीठ विसरलं तरी जेवायचा. लोक म्हणायचे, उदास दिसतो. उदास कुठला? उदास व्हायलासुद्धा आत काहीतरी हलावं लागतं, आणि त्याच्या आत काही म्हणता काही हलत नव्हतं. टीव्हीवर विनोद झाला की बायको आधी हसायची आणि मग त्याच्याकडे बघायची. तिनं बघितलं की तो हसायचा.

इथं मेव्हण्याचा प्रवेश होतो. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बाथरूमच्या फरशा विकतो. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असतं, विषय निघायची सुद्धा गरज नसते. त्याचा गुडघा दुखायचा. तो कुठल्याशा बाईंकडे जाऊन सुया टोचून घेऊ लागला, त्याला ॲक्युपंक्चर म्हणतात, आणि गुडघा दुखायचा राहिला. राहिला तो राहिला, पण त्या गुडघ्यानं सगळ्या नातेवाइकांच्या नाकी नऊ आणले. "भाऊजी, हे बघा," म्हणून तो दिवाणखान्याच्या मधोमध उठाबशा काढून दाखवायचा. "हलकं वाटतं हो, एकदम हलकं. त्या बाई मनाच्या दुखण्यालाही सुया देतात."

बायकोनं ते पक्कं धरलं. पण ती शहाणी, परस्पर काही केलं नाही. आधी मनाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घ्या की. काहींना त्यानं जरा आराम पडतो, झोप सुधारते. गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. आणि दर भेटीला हा कागद भरून आणा, म्हणजे मला कळेल आपण कुठं आहोत ते." कागदावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन रमतं का, असे. प्रत्येकापुढे चार चौकटी, अजिबात नाहीपासून जवळजवळ रोजपर्यंत, शून्य ते तीन गुणांच्या; बेरीज जितकी जास्त, तितकं दुखणं जास्त.

सुयांच्या बाईंची खोली सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर होती. दोन पलंग, मध्ये हिरवा पडदा, भिंतीवर घड्याळ, आणि वापरलेल्या सुया टाकायचा एक पिवळा डबा. बाई साठीच्या. तीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होत्या, मग हे शिकल्या. आवाजात अजून वॉर्ड होता. "आधीच सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "मी गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही. झोप सुधारेल, अंग जरा सैल पडेल. कुणाकुणाला आत मोकळं वाटतं, कुणाला काहीच वाटत नाही. जे असेल ते मला सांगायचं."

मग त्यांनी एक बारीक प्लॅस्टिकची नळी त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात उभी धरली. नळीत सुई, सुईचं डोकं किंचित वर. त्या डोक्यावर बोटानं टिचकी मारली आणि नळी काढून घेतली. मुंगीसुद्धा जास्त चावते. "आता ही आत बसली की तिथं जडपणा येईल," बाई म्हणाल्या. "आतून कुणी दाबून धरल्यासारखा. आला की 'आलं' म्हणा. नाही आला तर मी जागा जरा बदलते. मला तुमच्या सांगण्यावरच पुढं जायचंय."

बीप्या वाट बघत राहिला. काही येईना. बाईंनी सुई दोन बोटांत धरून हलकेच फिरवली. काही नाही. थोडी वर घेतली, पुन्हा खाली. घड्याळाचा काटा टक टक करत होता. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. पडद्याबाहेर लाकडी बाकावर बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचं खोकणं ऐकू येत होतं. एवढ्या वयाची बाई आपल्यासाठी वाकून उभी आहे, आपण आपले ढिम्म, बरं दिसत नाही.

"आलं," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि दुसरी सुई घेतली. दुसऱ्या हातावर आलं, दोन्ही पावलांवर आलं, कपाळावर आलं. एकदा आलं म्हटल्यावर पुढचं अडवायला तोंड राहत नाही.

बाहेर येताच बायकोनं विचारलं, "कसं वाटलं?" तो क्षणभर शब्द शोधत उभा राहिला आणि मेव्हण्याचाच शब्द हाताशी आला. "हलकं वाटतंय," तो म्हणाला. तिनं डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. मग जिना उतरता उतरता तिनं भावाला फोन लावला.

आता पुढचं सांगतो, आणि या माणसाला शिव्या घालण्याआधी जरा ऐकून घ्या. त्या 'हलकं'पासून बायको बदलली. दोन वर्षं ती सावध झोपायची, त्यानं कूस बदलली तरी उठून बसायची. आता तिला गाढ झोप लागू लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. भाजी चिरताना गुणगुणू लागली. एका रविवारी चक्क शाळेतल्या मैत्रिणींबरोबर दिवसभर फिरायला गेली, आणि घरी फोन केला तो एकदाच. बीप्या हे सगळं बघत होता. त्याला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण आपल्याकडून एक काम नीट होतंय, हे त्याला समजत होतं, आणि दुसरं कुठलं काम नीट होत नव्हतं.

म्हणून दर शनिवारी दुपारी तो जायचा, पाचसहा ठिकाणी 'आलं' म्हणायचा, पंचवीस मिनिटं छताकडे बघत पडायचा आणि बाहेर येऊन 'बरं वाटतंय' म्हणायचा.

तो कागद कुणी भरायचा, हेही सांगायला हवं. बायको शाळेच्या कार्यालयात कारकून. वर्षाला हजारभर प्रवेशअर्ज तिच्या हाताखालून जातात. खाडाखोड केलेला कागद बघितला की तिचं डोकं उठतं. पहिल्याच दिवशी तिनं तो त्याच्यापुढून ओढून घेतला. "द्या इकडे. तुम्ही सांगा, मी भरते." मग ती चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि एकेक प्रश्न खणखणीत आवाजात वाचायची, तो समोर बसून उत्तर द्यायचा.

"कशात रस वाटत नाही, असं?"

"काही दिवस."

"काही दिवस की अजिबात नाही? परवा तुम्ही ते सायकलींचं बघत होतात टीव्हीवर."

"मग अजिबात नाही."

असं करत ती खाली खाली यायची. नववा प्रश्न आला की तिचा आवाज पडायचा आणि वाचण्याचा वेग वाढायचा. "मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का हे नाहीच," असं ती एका दमात म्हणायची, प्रश्न आणि उत्तर एकत्रच, आणि त्याचं तोंड उघडायच्या आत पहिल्या चौकटीत फुली पडलेली असायची. मग कागदाची घडी.

पहिल्या कागदाची बेरीज एकोणीस होती. दोन महिन्यांत ती सहावर आली. मनाच्या डॉक्टरांनी कागद उलटून-पालटून बघितला आणि ते मनापासून खूश झाले. चांगला माणूस, दिवसाला चाळीस पेशंट बघतो, त्याला तरी सुखाचा घास कुठं मिळतो? "उत्तम," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यातही सहाच्या आसपास असलात तर गोळी निम्मी करून बघू." बायकोनं टेबलाखाली बीप्याचा हात दाबला.

गोळी निम्मी झाली की काय होणार ते बीप्याला पाठ होतं. आणि या वेळी आपण उठणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. खरं म्हणजे त्याचं धाबं दणाणायला हवं होतं. तसं काही झालं नाही. नुसतं कळलं, उद्या मंगळवार आहे हे कळावं तसं. खरं सांगावं तर बायको पुन्हा सावध झोपायला लागणार. न सांगावं तर महिन्यानं तो अकरा दिवसांचा पलंग आहेच. तो बसमध्ये खिडकीशी बसून हे दोन्ही पुन्हा पुन्हा बघत राहिला आणि यातलं नको कुठलं, हेही त्याला ठरवता आलं नाही.

चार आठवडे गेले. भेट सोमवारी होती, त्याच्या आधीच्या शनिवारी तो नेहमीसारखा सुयांच्या बाईंकडे पलंगावर पडला. बाईंनी उजव्या हाताच्या बेचक्यात नळी टेकवली, टिचकी मारली, नळी तशीच धरून ठेवली.

"आलं?"

"आलं."

डाव्या हाताला नळी, टिचकी. "इथं?"

"इथं जरा जास्तच."

बाईंनी नळी उचलली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तिच्यातून खिडकी दिसत होती. "यात सुई नव्हती," त्या म्हणाल्या. "उजवीकडेही नव्हती."

बीप्या त्या रिकाम्या नळीकडे बघत राहिला. ओशाळायला हवं होतं. पण बावीस वर्षांचा कारागीर आधी जागा झाला, आणि त्याच्या मनात आलं, छान केलं बाईंनी, हात अगदी तसाच ठेवला होता. मग त्यानं चष्मा काढून पोटावर ठेवला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"एकदाही काही वाटलं नाही?"

त्यानं विचार केला. "मध्ये एकदा पावलाला काहीतरी झालं होतं. आणि दोन-तीनदा झोप लागली."

"झोप खरी आहे. घोरत होतात, ते मी ऐकलंय. बाकीचं खोटं?"

"बाकीचं खोटं."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्याच्या उशाशी बसल्या. रागावल्या होत्या, पण वॉर्डात रागवायच्या तशा, हळू आवाजात. "तुमची बायको मागच्या वेळी मला सांगत होती, सोमवारी गोळी कमी होणार. माझ्या सुयांनी म्हणे. तेव्हाच मला शंका आली. माणूस बरा होतो तेव्हा कधी तक्रार करतो, कधी चिडतो, एखाद्या दिवशी येत नाही. तुम्ही एकदाही 'आज नाही आलं' म्हणाला नाहीत."

त्यानं पोटावरचा चष्मा उचलून परत डोळ्यांवर लावला.

"आता मी सरळ विचारते, सरळ सांगा. मरावंसं वाटतं?"

हे त्याला आजवर कुणी थांबून विचारलं नव्हतं. प्रश्न विचारून बाई थांबल्या आणि थांबूनच राहिल्या. खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"मरावंसं असं नाही," तो शेवटी म्हणाला. "नसावं असं वाटतं. सकाळी. बहुतेक रोज."

"काही ठरवलंय? कसं, कधी?"

"नाही. तेवढा उत्साह नाही मला."

बाई हसल्या नाहीत. "ठीक आहे. मग नीट ऐका. हे आज बायकोला कळलं पाहिजे आणि सोमवारी डॉक्टरांना. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. माझ्या सुयांच्या नावावर गोळी कमी झालेली मी चालवून घेणार नाही. आणि त्याआधी मनात काही ठरू लागलं, तर सोमवारची वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं."

"ती झोपते हो आता," बीप्या म्हणाला. "दोन वर्षांनी झोपते. माझ्या एका शब्दावर."

"म्हणजे तिला झोप यावी म्हणून तुम्ही मरणार," बाई म्हणाल्या. "आणि मग ती कशी झोपेल, हा हिशेब केलाय का?"

तो केला नव्हता. खरं सांगतो, इतका विचारी माणूस, पण हा विचार त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. तो आजार असाच आहे. माणसाला वाटतं आपण विचार करतोय, आणि तो एकाच खोलीत येरझाऱ्या घालत असतो.

त्या दिवशी बाईंनी त्याला खरंच सुया लावल्या, अगदी थोड्या, आणि एकदाही 'आलं का' विचारलं नाही. वेळ संपल्यावर त्या दारापर्यंत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

बायको बाकावरून उठली. "कसं वाटलं?"

"काही नाही वाटलं," बीप्या म्हणाला.

"आज नाही का? असू दे, एखाद्या वेळी—"

"कधीच नाही वाटलं. मी खोटं सांगत होतो."

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग दारातल्या बाईंकडे. बाईंनी मान डोलावली. ती पर्स खांद्याला लावून जिना उतरू लागली. घरापर्यंत ती त्याच्या चार पावलं पुढं चालत होती, पण दर कोपऱ्यावर थांबायची आणि तो येतोय ना, ते बघायची. घरी तिनं पोळ्या केल्या, वाढलं, भांडी घासली. तो मनात म्हणाला, मोडली बिचारी. असं मनात म्हणतानाही आत काही हललं नाही, आणि ते त्याला फार वाईट वाटलं. म्हणजे वाईट वाटायला हवं, एवढं तरी वाटलं.

रविवारी ती उजाडताच उठली, डोळे सुजलेले, आणि तिनं घरातले सगळे पडदे धुवायला काढले. काही झालं की ती धुणं काढते. दुपारपर्यंत एकटीनं केलं, पण दिवाणखान्याचा जाड पडदा तिला पिळेना. बीप्या उठून गेला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. दोघं गच्चीत समोरासमोर उभं राहून पडदा पिळू लागले, ती डावीकडे, तो उजवीकडे.

"नववा प्रश्न," ती म्हणाली. "तोही?"

"हो."

"किती दिवस?"

"पहिल्यापासूनच."

पडद्यातून पाणी गळत होतं. "मी दर वेळी तुमच्यासमोर वाचत होते," ती म्हणाली. "समोर बसून. एकदा तरी सांगायचं."

"तू घाईनं वाचायचीस," बीप्या म्हणाला.

त्यात तक्रार नव्हती. घाईनं वाचायची, म्हणून घाईनं वाचायचीस म्हणाला. पण बायकोचे हात थांबले. ती पडद्याचं टोक धरून तशीच उभी राहिली आणि पाणी तिच्या पायांवर पडत राहिलं. मग तिनं पडदा दोरीवर टाकला, चिमटे लावले, आणि बाकीचे पडदे तसेच टाकून आत जाऊन बसली.

सोमवारी सकाळी ती शाळेची रजा टाकून बरोबर आली. मनाच्या डॉक्टरांनी फाइल उघडली, मागचा कागद वर घेतला आणि तोंडभर हसून म्हणाले, "सहा. आजचाही कागद असाच असेल तर मग आपण गोळी—"

"डॉक्टर, ते कागद धरू नका," बायको म्हणाली. शाळेत पालकांना सांगते त्याच आवाजात, सरळ बसून. "ते सगळे मी भरलेत. यांची उत्तरं मी माझ्या सोयीनं दुरुस्त केली. आणि नववा प्रश्न मी यांना कधी विचारलाच नाही. विचारल्यासारखं केलं. मला उत्तर ऐकायचं नव्हतं."

बीप्यानं तिच्याकडे बघितलं. खोटं तो बोलला होता आणि कबुली ती देत होती. तो म्हणाला, "तिची चूक नाही. मीच हो ला हो म्हणत होतो."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले, पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जरा पुढं घेतली. मग त्यांनी तो प्रश्न तोंडी विचारला, सावकाश. बीप्यानं उत्तर दिलं, तेही सावकाश, सकाळी काय होतं, किती वेळ राहतं, काही ठरवलेलं नाही, सगळं. बायको सबंध वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. मध्ये बोलली नाही, खोकलीसुद्धा नाही. एकदा मात्र तिनं स्वतःच्या ओठावर दात इतके रोवले की तिथं रक्त आलं, आणि ते तिला बाहेर आल्यावर आरशात दिसलं.

गोळी निम्मी झाली नाही. उलट जोडीला दुसरी एक आली आणि भेट आठवड्यावर आली. "सुयांचं काय?" बायकोनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, झोप लागत असेल तर जरूर चालू ठेवा, झोपही थोडकी गोष्ट नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या ताईंनी आपल्याकडे ठेवायच्या, असंही त्यांनी सांगितलं. ती 'हो' म्हणाली आणि ते लिहून घेतलं.

घरी जायला बस मिळाली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. दोघं मागच्या बाकावर बसले, तो खिडकीशी. शनिवारपासून तिनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. बीप्या म्हणाला, "आता तुला परत जागावं लागणार." ती म्हणाली, "जागेन की. निदान कशासाठी जागतेय ते कळेल." एवढं बोलून तिनं पर्सची चेन लावली, ती पोटाशी धरली, आणि दुसरा थांबा येण्याआधी तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं. तोंड किंचित उघडं, ओठावर रक्ताचा सुकलेला ठिपका. तिला गाढ झोप लागली होती, भर उन्हात, चालत्या बसमध्ये.

त्याला त्या वेळी काय वाटलं म्हणाल, तर खोटं कशाला सांगू, फारसं काही वाटलं नाही. पण त्यांचा थांबा आला, दार उघडलं, चार माणसं उतरली, वाहकानं मागं वळून बघितलं. बीप्या हलला नाही. दार बंद झालं आणि बस पुढं निघाली.